हिसकादोरी : भातखाचरातली खोटी बदकं हलवण्याच्या नोंदी

२१ सप्टेंबर

बदकांच्या शिकारीच्या गेल्या हंगामातल्या दोन सकाळी अजून डोक्यातून जात नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कोलुसा काउंटीतलं भाताचं शेत, कापणीनंतर पाणी सोडलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही. पाणी इतकं स्तब्ध की त्यात चांदण्या मोजाव्यात. अंधारात आम्ही ४८ डिकॉय, म्हणजे खोटी बदकं, मांडले. उजाडलं तेव्हा ते ४८ डिकॉय ४८ डिकॉयसारखेच दिसत होते. पिनटेल बदकांचे थवे आले, दोन घिरट्या घातल्या आणि पलीकडच्या खाचरात, जिथे खरी बदकं चरत होती, तिथे जाऊन उतरले. दोन्ही दिवस मिळून आमच्या पदरात एक शॉव्हेलर बदक.

शेजारचे काका म्हणाले, "पाणी मेलेलं होतं." काका म्हणजे ७४ वर्षांचे निवृत्त शेतकरी. आयुष्यभर भात केला, आता मुलगा करतो. वहीत मी त्यांना काका लिहितो, समोर मात्र नावाने हाक मारतो, कारण इथली रीतच तशी. पहिली दोन वर्षं जीभ अडखळायची.

बाजारात यावर तयार उपाय आहे. पंख गरगर फिरणारा, बॅटरीवरचा डिकॉय. पंखाची एक बाजू गडद, दुसरी पांढरी, त्यामुळे लांबून उतरत्या बदकाच्या पंखांसारखी लुकलुक दिसते. काकांच्या गॅरेजमध्ये एक टांगलेला आहे. पण कॅलिफोर्नियाचा नियम असा, की हंगाम उघडल्यापासून ३० नोव्हेंबरपर्यंत विजेने किंवा दुसऱ्या कशाने फिरवलेले पंख चालत नाहीत. नैसर्गिक वाऱ्याने फिरले तर चालतात. आता ज्या सकाळी वाराच नाही, त्या सकाळी वाऱ्यावरचा पंखा घेऊन करायचं काय?

उरतात दोरी आणि हात. इथे त्याला जर्क स्ट्रिंग म्हणतात. मी हिसकादोरी म्हणणार.

२८ सप्टेंबर

रचना सांगायला सोपी आहे. लांबच्या टोकाला खुंट. खुंटाला दीड मीटर रबरी बंजी. बंजीला मुख्य दोरी, ती पाण्याखालून थेट आपल्या लपणापर्यंत. बंजीजवळच्या पहिल्या पाच-सहा मीटरमध्ये दर मीटरभर अंतरावर एक डिकॉय. दोरी ओढली की डिकॉय आपल्याकडे सरकतात, सोडली की बंजी त्यांना मागे खेचते. बस्स. तयार किट मिळतं, पण त्यातली दोरी फार बारीक असते, गार बोटांना कापते.

घरात पिवळी पॉलिप्रॉपिलीनची दोरी पडून होती. मोह आवरला. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, दोरी तरंगणार आणि वरून पिवळी रेघ दिसणार. नायलॉन बुडतं. म्हणून काळी, डांबर लावलेली, जाळ्यांना वापरतात तसली नायलॉन दोरी ४० मीटर आणली. दोन दिवस गाडीत तिचाच वास होता आणि घरच्यांनी त्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं.

डिकॉय अडकवायला स्विव्हल लागतं. दुकानात त्याच नावाने शोधलं. हातात घेतल्यावर लक्षात आलं, अरे, ही तर भोवरकडी! कुडाळच्या घरी गोठा होता तेव्हा म्हशीच्या साखळीत असायची, दावं पिळू नये म्हणून. ती मुठीएवढी होती, ही हरभऱ्याएवढी. काम तेच. दोन दिवस डोकं खाऊन जे मी 'डिझाइन' करत होतो, ते आजोबांच्या गोठ्यात टांगलेलं होतं.

५ ऑक्टोबर

घरामागच्या तरणतलावात पहिली चाचणी. एका टोकाला शिडीच्या नळीला बंजी बांधली, पाच डिकॉय लावले, आणखी सात नुसतेच मोकळे सोडले. मी दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसलो आणि ओढलं.

पाचही नाकावर आपटले. एक पालथा पडला तो पालथाच राहिला, पोटाखालचा कील, म्हणजे वाळू भरलेला कणा, आकाशाकडे. दोरी सोडली तर बंजीने त्यांना असं मागे खेचलं की बेचकीतून सुटल्यासारखे गेले. बदक असं कधी पोहत नाही. मांजर मागे लागलं तरी नाही.

बंजी १० मिलिमीटर जाडीची होती. काढून ६ मिलिमीटरची लावली. आणि दोरी ओढताना वर उचलली जात होती, म्हणून डिकॉयचं नाक दबत होतं. खुर्चीवरून उठून काठावर मांडी घालून बसलो, दोरी पाण्याच्या पातळीला धरली, तेव्हा कुठे ते सरळ सरकायला लागले.

इतक्यात बायको वरच्या खिडकीतून म्हणाली, "अरे, तू बदकांकडे काय बघतोयस? इथून नुसतं पाणी हलताना दिसतंय. आणि जी बांधलेली नाहीत तीसुद्धा डुलतायत."

वर जाऊन पाहिलं. खालून, बसल्या जागेवरून, मला बदकाची बाजू दिसत होती. मान, डोळा, पंखावरचा रंग. वरून यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. दिसतात ती वर्तुळं. एका हिसक्याची वलयं निघतात, शेजारच्या डिकॉयला लागतात, तो किंचित झुकतो, त्याची पुन्हा छोटी वलयं, आणि आकाशाचं प्रतिबिंब तुकडे तुकडे होऊन चमकतं. घड्याळ लावून मोजलं. वलय पाच मीटरवरच्या भिंतीला दहा सेकंदांत लागलं. म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. एक हिसका दिला की पुढची दहा-पंधरा सेकंद पाणी स्वतःच काम करत राहतं.

महिनाभर मी बदक हलवायच्या मागे होतो. हलवायचं आहे ते पाणी. सगळे ४८ दोरीला बांधायची गरजच नाही, मध्यावर पाच पुरेत. या एका वाक्यासाठी बायकोचं नाव पेटंटवर घालावं लागेल. (पेटंट कसलं, जर्क स्ट्रिंग इथे पिढ्यान् पिढ्या आहे.)

१२ ऑक्टोबर

आज काम काही नाही, एक आठवण लिहून ठेवतो. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या लोकांकडे कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. लहानपणी देवळासमोर खेळ पाहिला होता. कथा काही आठवत नाही. आठवतं ते हे, की एक बाहुली बोलत असताना दुसरी स्वस्थ उभी असायची, पण पुरती स्वस्थ नाही. मधूनच मान जराशी कलायची. तेवढ्यावर ती जिवंत वाटायची. बाहुली सारखी नाचवणारा बाहुलीवाला मी पाहिलेला नाही.

१९ ऑक्टोबर

शेतावर. कापणी आटोपली, खाचरांत पाणी चढतंय. सॅक्रामेंटो खोऱ्यात सुमारे पाच लाख एकर भात होतो. पूर्वी कापणीनंतर पेंढा जाळायचे. शरद ऋतूत सगळं खोरं धुराने भरायचं, असं काका सांगतात. १९९१ साली कायदा होऊन जाळणं टप्प्याटप्प्याने बंद झालं, मग पेंढा कुजवायला शेतात हिवाळाभर पाणी साठवायला लागले. धुराचा प्रश्न सोडवताना बदकांना आयती पाणथळ मिळाली. उत्तरेकडून येणारी लाखो पाखरं आता याच खाचरांवर हिवाळा काढतात. काकांचं म्हणणं, "आम्ही पेंढ्यासाठी पाणी सोडतो, पोटापाण्याचं त्यांचं ते बघतात."

पाणी वीतभर, त्याखाली लोण्यासारखा चिखल. माझा रीबारचा (बांधकामातल्या लोखंडी सळीचा) खुंट दुसऱ्याच हिसक्याला आडवा झाला. लांब तुकडा घेतला, तोही हळूहळू वाकत आला. या चिखलात सरळ काही टिकत नाही. शेवटी अंगणात कुत्रा बांधायची मळसूत्री खुंटी आठवली. ती पिळत पिळत आत घातली, खालच्या कडक थरात बसली. दोघांनी ओढूनही हलेना.

लपण म्हणजे बांधात पुरलेली लोखंडी टाकी, आत बाक, वर पेंढ्याचं झाकण. टाकीच्या कडेवरून दोरी आली की वर उचलली जाते आणि तरणतलावातलाच दोष परत. म्हणून टाकीपासून दोन मीटरवर, पाण्याखाली, चिखलात एक कडी रोवली आणि दोरी तिच्यातून ओवून घेतली. आता मी कसाही बसलो तरी दोरी पाण्याखालून सपाट जाते. दिवसातलं सगळ्यात चांगलं काम हेच, आणि खर्च शून्य: कडी जुन्या पडद्याच्या दांडीची.

९ नोव्हेंबर

पहिली खरी परीक्षा. पहाटे चारला निघालो. परवाना, २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प (बदकांच्या शिकारीसाठी लागणारं केंद्र सरकारचं तिकीट), पोलादी छऱ्याची काडतुसं (पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९१ पासून देशभर बंद), सगळं काल रात्रीच तपासलं होतं. विसरलो तो थर्मास.

वारा नाही. हवी होती तशीच सकाळ. ४० डिकॉय मांडले, मध्ये वीस मीटरचा मोकळा पट्टा ठेवला उतरायला, आणि पट्ट्याच्या डाव्या कडेला दोरीवरचे पाच. काम वाटून घेतलं: काका बंदुकीवर, मी दोरीवर. ज्याच्या हातात दोरी त्याने बंदुकीला हात लावायचा नाही. ही अट काकांची, आणि मला ती पूर्ण मान्य.

सूर्योदयाआधी अर्धा तास, म्हणजे सव्वासहाच्या सुमारास, नियमानं वेळ सुरू. टीलचा, म्हणजे लहान चणीच्या बदकांचा, पहिला झपाटा डोक्यावरून गेला तेव्हा मी इतका ओढत होतो की काकांनी नुसता हात वर केला. मी थांबलो नाही. बारा-पंधरा टील वळले, आमच्याकडे तोंड करून आले, चाळीस मीटरवर आल्यावर एकदम उसळले आणि गेले. काका म्हणाले, "अरे, तू दही घुसळतोयस का?" खरं तर ते लोणी म्हणाले, दही माझं.

मग त्यांनी सांगितलं ते इथे नीट लिहितो, कारण एवढ्या एका गोष्टीसाठी ही वही पुन्हा उघडीन. थवा लांबून जात असेल, किंवा घिरटी घालून पाठ फिरवली असेल, म्हणजे शेपट्या दिसत असतील, तेव्हा ओढायचं. दोन-तीन छोटे हिसके, मग गप्प. वळून चोची आपल्याकडे झाल्या की दोरी हलकेच ढिली सोडायची आणि हात मांडीवर ठेवायचा. उरलेलं काम वलयं करतात. पंख वाकवून, पाय सोडून उतरणाऱ्या बदकाची नजर खालीच असते. त्या क्षणी पाच बदकं एकसारखी, एकाच दिशेला, एकाच वेळी सरकली, तर त्याला काय कळायचं ते कळतं.

साडेसातला विजन बदकांची जोडी. आधी शिट्टी ऐकू आली, मग दिसली. शेपट्या: ओढलं, ओढलं. वळली. सोडलं. पाणी अजून चमकत होतं. ती दोन्ही सरळ पट्ट्यात आली, पंचवीस मीटरवर. काकांनी नर घेतला. मी दोरी इतकी घट्ट धरली होती की तळहातावर डांबराचा काळा पट्टा उमटला, तो दुपारपर्यंत गेला नाही.

एकूण चार. दिवसाची मर्यादा सात, पण गेल्या वर्षीची ती सकाळ आठवून चार म्हणजे दिवाळी.

१० नोव्हेंबर

जोरदार उत्तरेचा वारा. दोरी उघडलीसुद्धा नाही. वारा असला की सगळे ४० आपापले डोलतात, तेव्हा मध्ये हात घालणं म्हणजे आगाऊपणा.

१६ नोव्हेंबर

चूक झाली. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

काकांची काळी लॅब्रडॉर. आम्ही एक मॅलर्ड पाडला, काकांनी तिला सोडलं, ती सरळ रेषेत धावली आणि थेट दोरीत. दोरी वीतभर पाण्यात पोटाखालून गेली, मागच्या पायाला वेढा बसला. ती पुढे ओढते आहे, बंजी मागे, मधे पाच डिकॉय तिच्या अंगावर. मी दोरी सोडून द्यायची, तर घाबरून आणखी घट्ट धरून ठेवली. काका पाण्यात उतरून चिखल तुडवत गेले, मी मागोमाग. दोरी कापायला खिशात चाकू नव्हता, दातांनी गाठ सोडवली. कुत्रीला काही लागलं नाही. तिने मॅलर्ड तोंडातून सोडला नव्हता, हे विशेष.

काका काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

बदल: दोरी आता उतरायच्या पट्ट्याला आडवी जाणार नाही, मांडणीच्या बाहेरच्या कडेने जाईल. कुत्री बांधावर ज्या बाजूला बसते त्याच्या विरुद्ध बाजूने. हातातल्या टोकाला गाठ नाही, फास नाही, नुसती लाकडी मूठ: कुत्री सुटली की मूठ पाण्यात टाकायची. आणि चाकू गळ्यात, दोरीला.

१७ नोव्हेंबर

निफाडच्या आतेभावाला कालचे फोटो पाठवले होते. तो नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांतला. त्याचं उत्तर: "तो पिनटेल म्हणजे आमचा तलवार बदक, आणि शॉव्हेलर म्हणजे थापट्या. इकडे यांना हात लावलास तर सरळ आत जाशील." बरोबर आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, आणि नांदूर मध्यमेश्वर तर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. त्याच जातीचं पाखरू, तिथे तो मोजतो, इथे मी दोरी ओढतो. इथे डक स्टॅम्पच्या पैशांतून पाणथळ जागा विकत घेतल्या जातात, १९३४ पासून, हे मी त्याला लिहिलं. त्याने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय, यावर बायकोचं आणि माझं एकमत नाही.

२२ नोव्हेंबर

हाताला विश्रांती म्हणून दुसरा प्रयोग: पंपाचा डिकॉय. शेपटी वर, डोकं पाण्यात असा चरणारा पोकळ डिकॉय घेतला. आत बोटीतलं पाणी उपसायचा छोटा बिल्ज पंप, १२ व्होल्ट, तासाला ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर. तोंड तिरकं, पृष्ठभागाच्या जरा खाली, म्हणजे फवारा न उडता पाणी नुसतं उकळल्यासारखं हलेल. नियम पुन्हा एकदा वाचला. नोव्हेंबरअखेरपर्यंतची बंदी पंखांच्या फिरण्याला आहे, पाणी ढवळण्याला नाही.

पंप साधारण दोन अँपिअर घेतो. सात अँपिअर-तासांची बॅटरी सलग चालवली तर हिशेबाने साडेतीन तास, थंडीत त्याहून कमी. म्हणून टायमर लावला: तीन सेकंद चालू, पाच बंद. हे तरणतलावात पाहिलं आणि अंगावर काटा आला. चालू, बंद, चालू, बंद. वॉशिंग मशीन. बदकांना आकडे मोजता येतात असं माझं म्हणणं नाही, पण मला ते बघवेना. रात्री बसून मायक्रोकंट्रोलरवर विराम चार ते वीस सेकंदांच्या दरम्यान कसाही पडेल असं केलं. आता बरं वाटतं. कुणाला बरं वाटतं हा प्रश्न वेगळा.

२९ नोव्हेंबर

पंप शेतावर नेला. अकरा मिनिटं चालला. मग घरघर, मग गप्प. उघडून पाहिलं तर आत कुजलेल्या पेंढ्याचा लगदा, पंख्याच्या पात्यांभोवती दोऱ्यासारखा गुंडाळलेला. साफ केला, परत लावला, नऊ मिनिटं. भाताच्या खाचरात पंप चालवायचा, आणि पेंढ्याचा विचार करायचा नाही, हे माझ्यासारख्या इंजिनीअरलाच सुचतं.

पंपाच्या पोटाला चहाची मोठी गाळणी उलटी बसवली, नायलॉनच्या पट्टीने आवळली. आता अडीच तास चालला, मग गाळणीच पेंढ्याने लिंपली गेली. तरी ठीक. घरी गाळणी शोधली गेली. मी काही बोललो नाही. नवीन दोन आणल्या आहेत.

बाजूबाजूला पाहता हिसकादोरी सरस. पंप एका जागी गोल करतो, दोरी लांब पट्टा हलवते. आणि पंपाला शेपट्या नि चोची कळत नाहीत. थवा डोक्यावर असताना त्याचा विराम संपला की संपला. रिमोट लावता येईल. नाही लावणार.

१ डिसेंबर

फिरत्या पंखांची बंदी उठली. काकांनी गॅरेजमधला स्पिनर काढला, झटकला, एक कोळी बाहेर आला. सकाळी लावला. लांबच्या थव्यांना तो दिसतो, यात शंकाच नाही. पाऊण मैलावरची रांग वाकून आली. टील तर जवळजवळ त्याच्यावर आदळत होते. पण मॅलर्ड साठ-सत्तर मीटरपर्यंत यायचे आणि तिथून बाजूला सरकायचे. तीन वेळा झालं. चौथ्या वेळी काकांनी थवा वळल्यावर रिमोटने स्पिनर बंद केला आणि मला म्हणाले, "आता तू." मी दोन हिसके दिले. सहा मॅलर्ड आले, दोन पाडले.

उत्तरेकडून इथवर येईतो या पाखरांनी असे किती स्पिनर पाहिले असतील. कॅनडापासून रांगच लागलेली असते. पण पाण्यावरच्या वलयावर अविश्वास ठेवून बदकाला जगताच येणार नाही. हा माझा तर्क, पुरावा तीन सकाळींचा.

१४ डिसेंबर

टूली धुकं. टूली म्हणजे इथलं दलदलीतलं उंच लव्हाळं. त्याच्या दलदलींवरून या धुक्याला नाव पडलं. पावसानंतर रात्री जमिनीलगत बसतं आणि दिवसभर हलत नाही. गाडी तासाला वीस मैलांनी. लपणातून आमचे स्वतःचे लांबचे डिकॉय दिसेनात.

आज दोरीचा दुसरा उपयोग कळला: आवाज. एरवी त्याकडे लक्ष जात नाही. धुक्यात, वारा शून्य असताना, पाच प्लास्टिकच्या पोटांनी पाणी कापल्याचा बारीक 'चळक चळक' आवाज येतो, अगदी बदकं चरताना येतो तसाच. काकांनी शीळ वाजवणंही बंद केलं. नुसतं ऐकत बसलो. वरून पंखांचा सूं सूं आवाज, गोल, पुन्हा गोल. मी शेपट्या बघू शकत नव्हतो, म्हणून आवाज लांब गेला की ओढायचो, जवळ आला की सोडायचो. एकदा समोर वीस मीटरवर धुक्यातून पिनटेलचा नर उतरला, लांब शेपटी, पांढरी मान, आणि डिकॉयच्या मधोमध बसला. काका वळून माझ्याकडे बघत होते, त्यांना तो दिसलाच नाही. मी सांगेपर्यंत गेला.

तीन टील. मालवणी मसाल्यात सुकं केलं. टीलचं मांस गोड लागतं. शॉव्हेलरचं सुकं एकदा केलं होतं, त्याविषयी इथे काही लिहीत नाही.

२७ डिसेंबर

सुट्टीत नेवाडाला जाणं झालं, तर लव्हलॉकजवळची गुहा पाहून आलो. १९२४ साली तिथे उत्खननात टूलीचे विणलेले ११ बदक-डिकॉय सापडले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. आता ते अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. गुहेत त्यांतलं काही नाही, नुसती धूळ आणि गारठा. छायाचित्रं पाहिली आहेत. वेताच्या मुठीसारखी घट्ट वळलेली मान, अंगावर रंग, काहींना खरी पिसं खोचलेली. कॅनव्हासबॅक बदकाचा नर लगेच ओळखू येतो.

ते पाण्यात कसे हलायचे, हे विचार करत परत आलो. टूलीच्या काड्या आतून सच्छिद्र असतात, वजन काहीच नाही. माझा प्लास्टिकचा डिकॉय खाली वजन टांगल्यावर वाऱ्याच्या झुळुकीला दाद देत नाही. तो टूलीचा मात्र कुणी शेजारी शिंकला तरी डोलला असता, असं आपलं मला वाटतं.

घरी आल्यावर दोरीवरच्या पाचांपैकी दोघांच्या कीलमधली वाळू काढून टाकली. जरा जास्त डुलतात, वाऱ्यात पालथे होतात. वारा नसेल तेव्हाच वापरायचे.

१८ जानेवारी

हंगाम संपत आला. पाखरं शहाणी झाली आहेत. आज ४० ऐवजी फक्त १४ डिकॉय, त्यातले तीन दोरीवर. हिसका न म्हणता येईल इतकी हलकी ओढ, मिनिटाला एकदा. काकांची सात पूर्ण झाली ती साडेआठला. मग त्यांनी बंदूक उघडून ठेवली, माझ्या हातातली मूठ घेतली आणि तासभर नुसती दोरी ओढत बसले. येणाऱ्या थव्यांना उतरवायचे, उडू द्यायचे. माझ्या बंदुकीकडे बघून एकदा "तुला घ्यायचंय का?" असं विचारलं. मी म्हटलं, दोरी तुमच्या हातात आहे तोवर नको, तुम्ही फार ओढता. त्यांना राग आला नाही. ओढणं कमी केलं.

२ फेब्रुवारी

हंगाम संपला. दोरी धुतली, वायर गुंडाळायच्या चक्रीवर गुंडाळली. पाच भोवरकड्यांपैकी दोन गंजून घट्ट. बंजीचं बाहेरचं विणकाम ठीक, पण भोवरकडी अडकते तिथे आतलं रबर तडकलंय. पुढच्या वर्षी नवी. डिकॉयच्या नाकावर पहिल्या दिवशीच्या आपटण्याचे ओरखडे तसेच आहेत.

सगळं मोजून ठेवताना लक्षात आलं: मळसूत्री खुंटी नाही.

८ फेब्रुवारी

काकांच्या मुलाने खाचराचं पाणी काढलंय. मार्चअखेर तो नांगर घालणार, मग पुन्हा पाणी, मग विमानातून भाताचं बी. त्याआधी ती खुंटी निघाली नाही तर ट्रॅक्टरचं चाक तरी फाटेल नाही तर नांगराचा तवा तरी मोडेल. तो फोनवर इतकंच म्हणाला, "मला ती ट्रॅक्टरने सापडायला नको."

मी आणि काका दोघं चिखलात. लपणापासून पावलं मोजली, ४२. काही नाही. काका म्हणाले डावीकडे, मी म्हटलं उजवीकडे. कुत्रीला वाटलं खेळ आहे. दीड तास काठीने टोचत फिरलो. शेवटी माझ्या उजव्या बुटाच्या अंगठ्याला काहीतरी कडक लागलं. वाकून हात घातला: आधी पडद्याची कडी. ती तिथे कशी आली देव जाणे, ती तर टाकीजवळ रोवली होती. खुंटी आणखी चार पावलांवर. पिळून काढायला दोघांना दहा मिनिटं लागली आणि माझा एक बूट आत राहिला, तो काढायला आणखी पाच.